फायनलच्या पिशव्यांना साजूक तूप

मी एका भल्या माणसाच्या फायनलच्या पिशव्यांना साजूक तूप लावलं. मुद्दाम नाही, पण लावलं हे खरं. चार पिशव्या होत्या, आणि तूप घरी कढवलेलं होतं.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. तेव्हा मी तरुण होते. चौसष्टच पूर्ण झाली होती, आणि त्या कोवळ्या वयात माणसाला आपल्याला सगळं कळतं असं वाटतं. त्यातून मी भूगोलाची बाई. सांगलीकडच्या शाळेत तीस वर्षं फळ्यावर उष्ण वाळवंटी प्रदेश काढला. तिथे दिवसा किती तापतं, हे ज्यांना सांगता आलं नाही त्या पोरांना बाकावर उभं केलं. आणि स्वतः त्या प्रदेशात राहायला आल्यावर एप्रिल महिन्यात भर दुपारी गाडीच्या डिकीत बेसनाचे लाडू ठेवले. त्या पोरांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्याने खुशाल मला बाकावर उभं करावं. गुडघे दुखतात, पण उभी राहीन.

आधी तो खेळ सांगते, नाहीतर पिशव्या कसल्या ते कळायचं नाही.

मुलगा आखातात नोकरीला. तो अल नहदाचा फ्लॅट सोडून सिलिकॉन ओएसिसमध्ये व्हिलात राहायला गेला. मागे चांगलं अंगण. मी मनात कढीलिंब आणि अळू लावूनसुद्धा टाकला होता. पण कढीलिंबाच्या आधी तिथे दोन लाकडी फळ्या आल्या. एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला उतरत्या, आणि उंच बाजूला बशीएवढं गोल भोक. मी त्या पाहिल्या आणि मला आनंदच झाला. उतरती, गुळगुळीत, दिवसभर ऊन. वाळवणाला याहून उत्तम काय असतं? दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्यावर साबुदाण्याच्या चकल्या घातल्या. भोकावर झाकण ठेवलं, कारण त्यातून मांजर डोकावत होतं.

नात शाळेतून आली आणि किंचाळली, "आजी! दॅट्स कॉर्नहोल!"

"असेल," मी म्हटलं. "चकल्या उद्या उचलते."

मग तिने मला समजावलं. सत्तावीस फुटांवर उभं राहून समोरच्या फळीवर दाणे भरलेली, तळहाताएवढी शिवलेली पिशवी टाकायची. पिशवी भोकात गेली की तीन गुण, फळीवर राहिली की एक, खाली पडली की काही नाही. आधी एकवीस करील तो जिंकला. संपला खेळ. मी म्हटलं, "एवढ्यासाठी फळ्या विकत आणल्या? साडेतीनशे दिरहम? म्हणजे आठ हजार रुपये?" सून म्हणाली, "आई, रुपयात नका हो करू, त्रास होतो."

पहिल्या हिवाळ्यात अख्ख्या गल्लीत दोनच घरी हा खेळ होता, आमच्याकडे आणि कोपऱ्यावरच्या एका अमेरिकन कुटुंबाकडे. दुसऱ्या हिवाळ्यात शनिवारी संध्याकाळी मी चालायला निघाले की प्रत्येक भिंतीमागून धप्, धप्, असा आवाज यायचा. मला वाटायचं, लोक गाद्या धोपटतायत. किती स्वच्छ माणसं! मग त्यातूनच "यल्ला, यल्ला!", म्हणजे अरबीत चला-चला, आणि टाळ्या ऐकू यायच्या. केरळचे, इजिप्तचे, फिलिपिन्सचे, लखनौचे, सगळे तेच करत होते. शारजात एक सुतार फक्त याच फळ्या बनवायला लागला. आमच्या मराठी बायकांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवात उखाण्यांनंतर हा खेळ ठेवला, आणि पैठणी नेसलेल्या एका डेंटिस्टबाईंनी चारच्या चार पिशव्या भोकात घातल्या. तिथे माझं मत बदललं. पण हे मी कोणाला सांगितलं नाही. चकल्यांची गोष्ट अजून ताजी होती.

आता चाचा.

शेजारच्या व्हिलात चाचा त्यांच्या मुलाकडे राहायचे. मूळचे श्रीवर्धनचे. वयाने माझ्याहून लहान, पण मुलं चाचा म्हणतात म्हणून मीही म्हणायचे, आणि ते मला भाभी म्हणायचे. अडतीस वर्षं ते आखातात होते. शेवटची बरीच वर्षं इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फॅक्टरीत स्टोअर सांभाळलं. त्या स्टोअरमध्ये समोर रॅक, रॅकला खण, आणि प्रत्येक खणात वेगळ्या मापाचे नट-बोल्ट. चाचा काय करायचे, तर सारखं उठायचा कंटाळा म्हणून बोल्टची पुडी टेबलावरूनच बरोबर त्या खणात टाकायचे. इतकी वर्षं, रोज. साहेब आले की उठून ठेवायचे, साहेब गेले की पुन्हा टाकायचे. त्यामुळे नातवंडांनी त्यांच्या हातात पहिल्यांदा पिशवी दिली तेव्हा त्यांनी ती जागचं न हलता भोकात घातली आणि विचारलं, "मग? पुढं काय करायचं असतं?"

जानेवारीत त्यांची नोकरी संपली. मुलाने तात्पुरतं आपल्या व्हिसावर घेतलं. ठरलं असं होतं की फेब्रुवारीत चाचा कायमचे गावी जाणार. तिकडे चाची होत्या. घर, नारळ-सुपारीची वाडी, आणि अडतीस वर्षांत दर दोन वर्षांनी दोन महिने दिसणारा नवरा, एवढा त्यांचा संसार. मागे एकदा त्या व्हिजिटवर आल्या होत्या, तेव्हापासून आमची गट्टी. दर शुक्रवारी फोन. पण फेब्रुवारीचं तिकीट मार्चात गेलं, कारण चाचा आमच्या कम्युनिटीच्या, म्हणजे वसाहतीच्या, टूर्नामेंटमध्ये उतरले. मार्चचं एप्रिलात गेलं, कारण ते जिंकत सुटले.

चाचींचा मला फोन आला.

"भाभी, ह्यांची नोकरी खलास झाली. मग तिकडं करतात काय?"

"खेळतात," मी म्हटलं.

"काय खेळतात?"

"पिशव्या टाकतात."

"कुठं टाकतात?"

"भोकात."

मग त्यांनी हळूच विचारलं, "डॉक्टरला दाखवलं काय?"

मी चाचांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते हसले, पण नंतर जरा गंभीर झाले. म्हणाले, "भाभी, दर खेपेला मी काय नेलं घरी? साबण, परफ्यूम, ब्लँकेट. ते कोणबी नेतो. एकदा आपल्या हातानं कमावलेला कप घेऊन दारात उभा राहतो, मग बघू ती काय बोलते." आणि शेवटी, सहज आठवल्यासारखं, "जिंकलो तर नोव्हेंबरात अबुधाबीला मोठी टूर्नामेंट हाय. आपल्या कम्युनिटीतून जिंकणारा जातो."

म्हणजे जिंकले की मुक्काम नोव्हेंबरपर्यंत. हे मात्र मी चाचींना कळवलं नाही. मी चहाडखोर आहे, पण निवडक.

ईद होऊन पंधरा दिवस झाले होते. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता फायनल. आणि आदल्या दिवशी, शुक्रवारी, आमच्या नातीचा अकरावा वाढदिवस. आमच्या पिशव्यांतल्या दोन उसवलेल्या, आतले प्लॅस्टिकचे दाणे अंगणभर. मी भिंतीपाशी जाऊन चाचांना हाक मारली आणि सरळ त्यांच्या पिशव्या मागितल्या.

आता हे मागणं म्हणजे काय होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. नवी पिशवी कडक असते, ती हातात मुरावी लागते. तिची एक बाजू खरखरीत, फळीवर चिकटून राहणारी, आणि दुसरी गुळगुळीत, सरकणारी. खेळणारा ठरवतो, कुठली बाजू खाली पडू द्यायची. चाचांनी त्या चार लाल पिशव्या महिनोन्‌महिने मळून, दाबून, टीव्ही बघताना मांडीवर चोळून मऊ केल्या होत्या. असल्या पिशव्या फायनलच्या आदल्या दिवशी कोणी मागत नाही, आणि कोणी देतही नाही. पण शेजारीण मागतेय, पोरीचा वाढदिवस आहे, म्हणून त्या माणसाने चेन असलेली काळी बॅग माझ्या हातात दिली. तीन सूचना केल्या, "पाणी लावू नका. मातीत टाकू नका. कुत्र्यापासून सांभाळा."

तुपाचं काही म्हणाले नाहीत.

वाढदिवस झकास झाला. पिशव्या मी स्वतः मोजून, पुसून बॅगेत भरल्या. आणि इथे माझ्यातली संसारी बाई जागी झाली. आमच्याकडे शेजाऱ्यांची वस्तू मोकळी परत जात नाही. वाटी आली तर त्यात साखर घालून द्यायची, पातेलं आलं तर निदान चार पुऱ्या. चाचांच्या सुनेने ईदेला शीरखुर्मा पाठवला, ते पातेलं मी गुळाच्या पोळ्या घालून परत केलं होतं. मग ही बॅग कशी मोकळी देणार? पातेलं वेगळं आणि खेळाची बॅग वेगळी, हे चौसष्टाव्या वर्षी सुचायला हवं होतं. नाही सुचलं. मी रात्रीच बेसन भाजलं. माणूस फायनल खेळतोय म्हणून तूप हात सैल सोडून घातलं. सोळा लाडू.

खरा गाढवपणा यापुढे आहे. लाडू स्टीलच्या डब्यात भरले असते तर काही झालं नसतं. पण स्टीलचा डबा दिला की तो परत मागावा लागतो, आणि माझे दोन चांगले डबे आधीच गल्लीत फिरत होते. म्हणून मी फॉइलचा पातळ डबा घेतला, वर पुठ्ठ्याचं झाकण, आणि तो चार लाल पिशव्यांच्या डोक्यावर ठेवून चेन लावली.

मुलगा म्हणाला, "आई, लाडू बॅगेत कशाला? हातात दे ना त्यांच्या."

"हातात दिले की नुसते दिले असं होतं," मी म्हटलं. "आतून अचानक निघाले की माणसाला बरं वाटतं."

काय पण विद्वान बाई!

शनिवारी सकाळी चाचा फॅक्टरीत जुन्या लोकांचा निरोप घ्यायला गेलेले. ते तिथून सरळ मैदानावर येणार होते, म्हणून बॅग तिथेच द्यायची ठरली. तोवर आम्ही अल नहदाला जुन्या शेजारणीकडे जाऊन यावं म्हणून निघालो. बॅग डिकीत. तिच्या बिल्डिंगमागच्या मोकळ्या वाळूत गाडी लावली. सावली नावाला नव्हती. वर तिच्याकडे एसी इतका की मी तिची शाल मागून घेतली आणि चार तास बसले. जेवलो, चहा घेतला, तिच्या जावेविषयी सगळं ऐकून घेतलं. खाली डिकीत माझे लाडू आपापसात विरघळत होते.

मैदानावर पोचलो तेव्हा खुर्च्या भरल्या होत्या. चाचांचा मुलगा-सून, नातवंडं, फॅक्टरीतले चौघे, सगळे आलेले. चाचा नवा पांढरा शर्ट घालून उभे. प्रतिस्पर्धी होती एक फिलिपिनो नर्स, अंगाने एवढीशी, पण पिशवी टाकायची ती इंजेक्शन दिल्यासारखी, बरोबर जागेवर. मी ऐटीत बॅग पुढे केली. "चाचा, उघडा तर!"

चाचांनी चेन उघडली. आधी वास आला. खमंग, भाजलेल्या बेसनाचा, वेलदोड्याचा. मागच्या रांगेतल्या कोणीतरी म्हटलं, "अरे वा!" मग चाचांनी पहिली पिशवी बाहेर काढली. ती चमकत होती. कोपऱ्यातून एक थेंब त्यांच्या बुटावर पडला.

"भाभी," ते म्हणाले, "ये क्या है?"

चाचा माझ्याशी हिंदीत कधी बोलत नसत.

मी डोकावले. फॉइलचा डबा कलंडला होता. सोळा लाडवांचा एकच डोंगर झाला होता, आणि त्याचं सगळं तूप खाली पिशव्यांच्या खरखरीत बाजूने पिऊन टाकलं होतं.

"लाडू," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

नात पुढे आली, तिने पिशवी हुंगली. "आजी, यू फ्राइड हिज बॅग्ज."

नर्स फार गोड मुलगी. तिने आपल्या जादा पिशव्या चाचांपुढे धरल्या. चाचांनी एक हातात घेऊन तोलली, परत दिली. "नो, सिस्टर. थँक्यू. हाथ नहीं बैठेगा." मग टिश्यूंनी पिशव्या पुसू लागले. तेवढ्यावर मी गप्प बसावं की नाही? पण गप्प बसेल ती भूगोलाची बाई कसली. "थांबा, तूप शोषून घेतं असं काहीतरी लावू," म्हणत मी एका तान्ह्या बाळाच्या आईकडून पावडरचा डबा आणला आणि चारही पिशव्यांवर सढळ हाताने शिंपडला. तूप काही शोषलं नाही. पिशव्या आता तुपट होत्या आणि वर गुळगुळीत. कॅरम बोर्डावर पावडर कशासाठी टाकतात, हे मला तेव्हा आठवलं असतं तर बरं झालं असतं.

खेळ सुरू झाला. चाचांची पहिली पिशवी फळीवर पडली, आणि थांबलीच नाही. सरकत भोकाला वळसा घालून मागे गवतात गेली. दुसरी तशीच. तिसरी तर पुढच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सुनेच्या पायाशी. प्रत्येक वेळी हवेत बेबी पावडरचा छोटा ढग उठायचा आणि लोक हसायचे. चाचा हसत नव्हते. त्यांचा मुलगा मोबाईल समोर धरून उभा होता, त्यावर श्रीवर्धनहून चाची बघत होत्या. आठ-शून्य. मग अकरा-शून्य.

मी डोळे मिटून घेतले. एवढी वर्षं या माणसाने लोकांचे नट-बोल्ट जागच्या जागी ठेवले, एक गोष्ट स्वतःसाठी मागितली, आणि मी तिच्यावर वेलदोडा घातला.

मग धप् ऐकू आलं नाही. सुर्र आलं, आणि टाळ्या. डोळे उघडले तर चाचांनी पिशवी मुद्दाम अलीकडे, फळीच्या तळाशी टाकली होती, आणि ती घसरगुंडीवर उलटी चढावी तशी सरकत वर जाऊन भोकात पडली होती. पुढची तशीच. त्यांनी तुपाचं माप घेतलं होतं! अकरा-सहा. चौदा-बारा. फॅक्टरीतले चौघे उभे राहून ओरडायला लागले. आता फळीही तुपट झाली होती, आणि बिचाऱ्या नर्सच्या पिशव्या पहिल्यांदाच घसरू लागल्या. अठरा-अठरा. मी कोणाची बाजू घ्यावी, मोबाईलवर कोण बघतंय, सगळं विसरले आणि शिट्टी मारली. होय, मला येते.

नर्सने एक पिशवी फळीवर ठेवली, मग आणखी एक. वीस. चाचांच्या हातात शेवटची पिशवी. भोकात गेली तर एकवीस. त्यांनी ती दोनदा तोलली, शर्टाला पुसली आणि टाकली. ती तळाशी पडली, सुर्र करत वर गेली, भोकाच्या काठापर्यंत गेली, अर्धी आत वाकली. आणि तिथेच बसली. मघापासून एकही पिशवी जागेवर थांबत नव्हती, ही नेमकी तिथे थांबली. तूप संपलं असावं. एक गुण मिळाला, एकोणीस. पुढच्या फेरीत नर्सने पहिलीच पिशवी फळीवर टेकवली आणि कप तिचा झाला.

चाचांनी तिच्याशी हात मिळवला, तिच्या डोक्यावर हात ठेवला. मुलाच्या मोबाईलकडे पाहून नुसती मान हलवली. बॅग उचलली आणि मुलाच्या गाडीत जाऊन बसले. गाडीत मुलगा म्हणाला, "आई, खरं सांग. चाचीने सुपारी दिली होती का?" सुनेने त्याला चिमटा काढला. मी घरी जाऊन रडले. थोडंसंच. मग तो लाडवांचा डोंगर चमच्याने खाल्ला, कारण टाकवेना.

दोन दिवसांनी धीर करून भिंतीपाशी गेले. चाचा अंगणात कार्टन बांधत होते. मी म्हटलं, "चाचा, चुकलं हो माझं."

त्यांनी टेप तोडली, कार्टनवर हाताने दाबून बसवली. "पिशव्या दोनदा धुतल्या, भाभी. वास जात नाय. मांजर दारातून उठत नाय." मग पुढचं कार्टन ओढत, "तिकीट काढलं. गुरुवारचं. आता इथं काय हाय?"

एवढंच. गुरुवारी पहाटे ते गेले. तीन कार्टन, एक सूटकेस, कप नाही. मी दारात उभी राहून हात केला. त्यांनीही केला, पण मला तो उगाच जड वाटला.

पुढचे आठ दिवस मी चाचींना फोन केला नाही. काय तोंडाने करणार? नवरा हरून, मान खाली घालून घरी आलेला, आणि त्याला हरवणारी मी. शुक्रवार आला तसा मी मोबाईल उलटा करून ठेवला. तो वाजला. मी उचलला आणि काही ऐकायच्या आधीच म्हटलं, "चाची, मला माफ करा, ते लाडू..."

चाची म्हणाल्या, "माफी कसली मागता, भाभी? नोव्हेंबरचं तुमी मला बोललात नाय, पण सूनबाई बोलली. जिंकले असते तर आले नसते, एवढं मला कळतं. तुमाला दुवा देते. पण आता आठ दिवस झाले, माझ्या बरण्यांना नंबर लावून झाले, आणि आज सकाळपासून मला भाकरी कशी थापायची ते शिकवतात. तिकडं परत एखादी मॅच नाय काय?"